माझ्या गालाची स्लाइड

३ नोव्हेंबर
आजपासून साखर बंद. सौ. म्हणते, नुसती बंद करून काय होणार, रक्त तपासा. बावीस वर्षं जीवशास्त्र शिकवणाऱ्याला ही शिकवणार! तहान लागते, कारण नववीपुढे घसा फोडावा लागतो. जिभेवर पांढरं दिसतं तो खडू. वजन उतरलं ते चालण्यामुळे. चालणं सोमवारपासून.

६ नोव्हेंबर
बूट चावतो. चालणं रद्द.
नवीन बाई म्हणे पेशी 'खेळातून' शिकवणार. डोकं फिरलं. मी ठणकावून शिकवलं: वनस्पतीच्या पेशीला भिंत आणि हरितलवक, स्वतःचं अन्न स्वतः करते. कवकाच्या, म्हणजे बुरशीच्या, पेशीलाही भिंत, पण कायटिनची. आणि खाणं दुसऱ्याच्या जिवावर. प्राण्याच्या पेशीला भिंतच नाही. आपल्या शरीरातल्या सगळ्या एकाच पेशीतून आल्या, मग कोणी स्नायू झाली, कोणी गालाचं अस्तर. तांबड्या पेशीने तर कामापायी स्वतःचं केंद्रक टाकून दिलं. आमच्या प्रिन्सिपॉलांना पंख्याखालची खुर्ची सोडवत नाही.
चार बिस्किटं. रागात खाल्ली, धरायची नाहीत.

११ नोव्हेंबर, दुपारी
प्रॅक्टिकल. टूथपिकने माझाच गाल आतून खरवडला, निळा रंग घातला, मायक्रोस्कोप लावला. मला धूसर दिसलं. भिंग भिकार.
एकोणचाळीस जणांनी पुस्तकातली चपटी पेशी नीट काढली. शेवटच्या बाकावरच्या चष्मेवालीने त्या पेशीवर बारीक अंडी काढली, अंड्यांना कोंब, शिवाय धागे. म्हणे, सर, दिसलं ते काढलं, मागच्या यीस्टच्या स्लाइडसारखं आहे. माझ्या तोंडात कवक? शून्य दिलं. वर्ग हसला. कोणाला हसला ते कळलं नाही.

१२ नोव्हेंबर
नवीन बाईंनी न विचारता स्लाइड पाहिली. म्हणाल्या, मुलीचं बरोबर आहे. मग आवाज खाली आणून, शुगर कधी तपासलीत? सौ.ने फोन केला असणार. सगळे सामील आहेत!
उद्या उपाशीपोटी तपासतो आणि रिपोर्ट स्टाफरूमच्या बोर्डावर लावतो. बसा बोंबलत.

१३ नोव्हेंबर
रक्त दिलं. आधी फक्त चहा. तो उपाशीपोटीच घेतला, म्हणजे उपाशीच.

१४ नोव्हेंबर
तीनशे बारा. मशीन बिघडलेलं. दुसऱ्या लॅबमध्ये, चहा न घेता, दोनशे शहाण्णव.
डॉक्टरांनी जीभ बाहेर काढायला लावली. म्हणाले, कवकच आहे, साखर वाढली की फोफावतं. डोळेही तपासून घ्या, उशीर केलात. सौ. 'सांगत होते' म्हणाली असती तर भांडता आलं असतं. बसमध्ये खिडकीकडे तोंड करून रडत होती.

१८ नोव्हेंबर
वही मागवून शून्य खोडलं, दहापैकी दहा दिले. कारण सांगितलं नाही. कोणाला सांगायला मी बांधील नाही.
चष्मेवाली वही घ्यायला आली आणि तिने हळूच विचारलं, सर, तोंडातलं आता कमी आहे का?
जागेवर बस म्हणून ओरडलो. बसली. मग वर्गाकडे पाठ करून बराच वेळ फळा पुसत राहिलो. फळ्यावर काही लिहिलेलं नव्हतं.