पोकळ खांबांचं घर

ॲन आर्बर, फेब्रुवारी

प्रिय परीक्षित,

कागदावरचं पत्र बघून दचकू नकोस. फोनवर मी तोंड उघडलं की तुझी मीटिंग सुरू होते, म्हणून हा खटाटोप.

तू पार्टीत सांगतोस, माझी बायको जुन्या इमारतींवर काहीतरी करते. काहीतरी काय रे! पाचशे वर्षांपूर्वीचे इटालियन वास्तुकार निसर्गाकडे बघून काय शिकले, ते मी इथल्या युनिव्हर्सिटीत पीएचडीसाठी शोधते. त्यांच्या ग्रंथांत खांब म्हणजे मूळचं झाडच. बुंध्याशी जाड, वर निमुळता, डोक्यावर भार घेऊन उभा.

वाचून वाचून मागच्या आठवड्यात राहवलं नाही. शिवणाची टेप घेतली आणि अंगणातल्या मेपलच्या झाडाला मिठी मारून घेर मोजायला लागले. समोरच्या डोरोथी आजी धावत आल्या. त्यांना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं! मग टेपचं दुसरं टोक त्यांनीच धरलं आणि बर्फात उभ्या राहून माझा अख्खा थिसिस ऐकला. त्या आठवड्यात मी कुणाशी मोठ्यानं बोलले ते तेवढंच. घरात आले आणि ढसाढसा रडले. फार एकटं वाटतं रे.

दिवाळीत मी तुझ्याकडे बॉथेलला आले तेव्हा आपण ते घर बघितलं, आठवतं? तू आणि एजंट किचनमध्ये रमलात आणि मी पोर्चमधल्या पांढऱ्या खांबावर टिचकी मारली. रिकाम्या ड्रमसारखा आवाज आला. फायबरचे खांब! छप्पर दुसऱ्याच कशावर तरी पेललेलं, हे नुसते शोभेला. मी हसले, तर तू वैतागलास, यार, सगळीकडे थिसिस काढू नकोस म्हणालास. मग तू सगळं ठरवत गेलास. लोन, चांगल्या शाळेजवळची कॉलनी, मे महिन्यात माझं कायमचं तिकडे येणं. माझा थिसिस अजून अर्धाच झालाय, त्याचं काय, हे तू विचारलंच नाहीस.

शुक्रवारपर्यंत घराच्या कागदांवर माझी सही हवी, असा तुझा मेसेज आलाय. मी सही करणार नाही. त्या पोर्चमध्ये शोभेचे खांब आधीच आहेत, त्यांत माझी भर नको. खुशाल रागाव. पण लग्नानंतर मी इथे आले, त्याला दोन वर्षं झाली, आणि तू एकदाही आला नाहीस. सोबत माझ्या खोलीची किल्ली ठेवलीय. एकदा ये. मेपलची मापं अजून पुरी व्हायची आहेत, आणि दर वेळी डोरोथी आजींना हाक मारायची मला लाज वाटते.

अजूनही तुझीच,
नीलांबरी