बडनेऱ्याच्या स्टेशनावर सापडलेला जवाई

जठारपेठ, अकोला
मंगळवार

तीर्थरूप खुशालराव मामा यांना गजेंद्रचा वाकून नमस्कार. मामींच्या गुडघ्याला नव्या तेलाने उतार पडला असेल आणि तुमची साखर औषधाचं ऐकत असेल, अशी आशा करतो. इकडे सीमा बरी आहे, आकांक्षा बरी आहे (दहावीचा अभ्यास करते असं ती सांगते), चष्म्याचं दुकान तेवढं शुक्रवारपासून बंद आहे. मीही बराच म्हणायचा, म्हणजे हातपाय ज्या त्या जागी आहेत. फोन सोडून पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. तर फोन बंद करून तांदळाच्या डब्यात पुरून ठेवला आहे. बडनेऱ्यात माझ्याबद्दल तुमच्या कानावर काही आलं असेल तर ते खोटं आहे. आलं नसेल तर हे पत्र शेवटपर्यंत वाचा आणि मगच मामींना सांगा.

सीमाचा धाकटा भाऊ कुंदन तुम्हाला आठवत असेल. आमच्या लग्नात नवरदेवाचे जोडे लपवून, कुठे लपवले ते स्वतःच विसरला होता, तोच. त्याने दोन उन्हाळे घालवून एक विनोदी सिनेमा काढला, ‘जवाई हरपला’. सासरच्या धाकाने घर सोडून पळालेल्या घरजावयाची गोष्ट आहे. जावई मी. (कुंदन म्हणतो, माझ्या चेहऱ्यावर भीती जन्मतःच आहे, करून दाखवावी लागत नाही. सीमा हे ऐकून हसली, म्हणून मी हो म्हटलं.) अकोल्यातल्या एका थिएटरवाल्याने शुक्रवारी दुपारी तीनचा एकच खेळ द्यायचं कबूल केलं. अर्धं थिएटर भरलं तर आठवडाभर, नाही तर सिनेमा पेटीत. मग कुंदनच्या डोक्यात जाहिरात शिरली, आणि तीही जवळजवळ फुकटातली. पहिल्या दिवशी त्याने मला बाशिंग बांधून टॉवर चौकात उभं केलं. लोकांनी जमावं, विचारावं, मग मी सिनेमाचं सांगावं, असा बेत होता. जमले चांगले पंधरा-वीस, पण विचारलं कुणीच नाही. वरात चुकलेली दिसते म्हणून त्यांनीच मला एका ऑटोत घातलं आणि एका मंगल कार्यालयाच्या दारात नेऊन सोडलं. तिथल्या लोकांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिलं ती आठवली की अजून पाणी प्यावंसं वाटतं.

त्यातून कुंदन काही शिकला असेल असं मला वाटलं होतं. त्याने पत्रकं काढली. पांढरा साधा कागद, वर मोठ्या अक्षरात ‘हरवला आहे’, मध्ये माझा घाबरलेला फोटो, आणि खाली अगदी बारीक अक्षरात ‘सापडल्यास शुक्रवारी दुपारी तीनच्या खेळाला आणून सोडावे’. अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, अमरावती, जिथे मोकळी भिंत दिसली तिथे चिकटवली. शिवाय शुक्रवारी सकाळी मी स्वतः बडनेऱ्याच्या स्टेशनाबाहेर, पत्रकाशेजारी उभं राहायचं. जो ओळखेल त्याला दोन तिकिटं फुकट. कुणी धरलंच तर घाबरायचं नाही, हसून म्हणायचं, “सापडलो बाप्पा, आता घेऊन चला.” हे वाक्य त्याने माझ्याकडून गाडीत बसेपर्यंत घोकून घेतलं. (तुमच्या घराच्या इतक्या जवळ येऊनही भेटायला आलो नाही, त्याबद्दल रागावू नका. पुढे वाचाल तर राग राहणार नाही.)

आता मामा, आम्हा दोघांनाही ठाऊक नव्हतं ते असं. आदल्या दिवशी कुणीतरी त्या पत्रकाचा फोटो काढला. वरचा अर्धा आला, खालची बारीक ओळ कापली गेली. पुढच्याने ‘हरवला आहे’ कापलं आणि उरलेल्या माझ्या तोंडावर लिहिलं, ‘सावधान, हा माणूस लहान मुलं पळवतो’. रात्रीतून तो फोटो कुठल्या कुठे गेला. मी मात्र सकाळी दाढी करून, इस्त्रीचा सदरा घालून, बरोबर त्या पत्रकाशेजारी जाऊन उभा.

पाऊण तास कुणी ढुंकून पाहिलं नाही. मग एक चार-पाच वर्षांची मुलगी आईचा हात धरून जात होती, ती माझ्याकडे बघून थांबली. सगळ्यांकडे हसून पाहायचं असा कुंदनचा हुकूम, म्हणून मी हसलो. आईने पोरीला ओढून घेतलं. चहाच्या टपरीवरच्या एका पोराने आधी माझ्याकडे पाहिलं, मग फोनकडे, मग परत माझ्याकडे. मला आनंद झाला, मामा. मला वाटलं, ओळखलं. तो उठून जवळ आला, मागून आणखी दोघे आले, आणि त्याने विचारलं, “काहून हासून राहिला बे पोरीकडे पाहून?” त्याच्या आवाजाने माझी जीभ टाळूला चिकटली. जी सुटली ती घोकलेल्या वाक्यावरच सुटली. मी म्हणालो, “सापडलो बाप्पा, आता घेऊन चला.”

पुढचं नीटसं सांगता येत नाही. किती माणसं होती ते मोजलं नाही. जिकडे पाहावं तिकडे छाती आणि बटणं दिसत होती. कॉलर फाटली, चष्मा पडला (दुकानातला सगळ्यात चांगला), पाठीत एक बसली. मी ओरडत होतो, सिनेमातला आहे, हरवलेला जावई आहे, अकोल्याला तीन वाजता खेळ आहे. जितकं बोलावं तितकं ते वाईट ऐकू येत होतं. कुणीतरी म्हणालं, “बांधा याले खांबाले,” आणि हे तो शांतपणे म्हणाला, गाईला बांधा म्हणावं तसं. त्या शांतपणाची मला सगळ्यात जास्त भीती वाटली. आकांक्षाची शाळा किती वाजता सुटते, एवढंच डोक्यात येत होतं.

तेवढ्यात गर्दीतून एक म्हातारी शिरली. डोक्यावर गाठोडं, कपाळ मोकळं, रिद्धपूरहून दर्शन करून परत निघालेली. ती सरळ माझ्यापर्यंत आली आणि तिने मला थोबाडीत ठेवून दिली. त्या सकाळी जेवढा मार बसला त्यात सगळ्यात सणसणीत हीच. “मोतीराम, इथं येऊन मेला काय बे? गाडी सुटून राहिली तिकडं.” गर्दी जरा हटली. त्या पोराने विचारलं, “हा तुहा पोरगा हाय काय, माय?” ती म्हणाली, “मंग काय तुहा हाय? डोक्यानं कमी हाय थोडा. कधी म्हनते सिनेमात हाय, कधी म्हनते हरपलो हाय. तुमाले मारून काय भेटते त्याले?” आईवाचून इतक्या जोरात कुणी मारत नाही, हे बहुधा सगळ्यांना पटलं. हात सुटले. तिने माझं मनगट धरलं आणि पॅसेंजरमध्ये चढवलं. तिचं नाव गंगूबाई.

मला वाटलं देवच धावून आला. पण गाडी सुटली तरी मनगट सुटेना. ती मला मोतीरामच म्हणत राहिली. तुले गोवर निंगाला तवा मी सात दिवस झोपली नाही, म्हणाली. भाकरी-ठेचा काढून माझ्या हातावर ठेवला, खाईपर्यंत तोंडाकडे पाहत बसली. मग शेजारच्या बाईला सांगितलं की नऊ वर्षांपूर्वी पोरगा बडनेऱ्याहून सुरतेला कामाला म्हणून गाडीत बसला, तो आज सापडला. आता माझी दुसरी भीती सुरू झाली, आणि ती पहिलीपेक्षा मोठी होती. मारणाऱ्यांना मी तो नाही हे ओरडून तरी सांगितलं होतं. हिला कसं सांगणार? मूर्तिजापूरला ती उतरली, मीही उतरलो. तिथून ऑटोने अर्ध्या तासावर तिचं गाव. तिने पेटीतून मोतीरामचा धुतलेला सदरा काढून मला घातला. बाह्या बोटांच्या पुढे आल्या. वरण-भात वाढला. तीन वाजले, खेळ सुरू झाला असेल, कुंदन डोकं धरून बसला असेल, आणि मी ‘आणखी वाढू काय’ला मान हलवत होतो. शेवटी धीर करून मी तिला सगळं स्पष्ट सांगितलं, की बाई, मी तुमचा मोतीराम नाही, आणि पाचची गाडी धरून घरी आलो.

तिकडे थिएटरात कुंदन रडवेल्या तोंडाने पडद्यासमोर उभा राहिला आणि म्हणाला, आमचा हिरो सकाळपासून खरोखरच हरवला आहे, कुणाला दिसला तर सांगा. लोकांनी टाळ्या वाजवल्या. ही त्याची सगळ्यात चांगली जाहिरात झाली असं थिएटरवाला म्हणतो. खेळ आता आठवडाभर चालू राहणार आहे. पोलिसांनीही तो फोटो खोटा आहे असं जाहीर केलं आहे. पण खोटं ज्याने वाचलं त्यानेच खरं वाचलं असेल असं नाही, म्हणून मी घरातच बसतो. तुम्हाला एवढीच विनंती, की पहाटे फिरायला जाल तेव्हा स्टेशनाबाहेरची पत्रकं ओली करून खरवडून टाकावी. मामींना नमस्कार, तब्येतीला जपा.

तुमचा,
गजेंद्र

ता. क. : ‘बाई, मी तुमचा मोतीराम नाही’ असं मी सांगितल्याचं वर लिहिलं आहे. ते मी सांगितलं नाही. मी म्हणालो, “येतो, माय,” आणि तिचा सदरा अंगात घालूनच निघालो. सीमाला हे कळल्यापासून ती माझ्याशी जेवणापुरतंच बोलते.

ता. क. दुसरा : पत्र पाकिटात घालून ठेवलं होतं, पेटीत टाकायला बाहेर पडवलं नाही. आज गुरुवार. काल सीमाने मला ऑटोत घातलं आणि आम्ही दोघं सदरा घेऊन गंगूबाईकडे गेलो. ओट्यावरच मी डोळे मिटून सांगून टाकलं. ती म्हणाली, “मले मालूम हाय, बाबू. माहा मोतीराम तुह्याहून हातभर उंच व्हता. पन ते लोकं तुले जित्ता सोडत नव्हते.” मग गाडीत कशाला, असं सीमाने विचारलं. तर त्यातले दोघं आमच्याच डब्यात बसले होते, मूर्तिजापूरपर्यंत. मला चष्म्यावाचून दिसले नव्हते. आणि घरी? त्यावर तिने सदऱ्याची घडी मोडून पुन्हा घातली. मग म्हणाली, “तीन तास म्हनत आली तं तोंडाले सवय लागली. जेवत होतास चांगला. म्हटलं, जेवू दे.”

मामा, खरी विनंती ही आहे. तुम्ही तीस वर्षं त्या लाइनवर तिकिटं तपासली, भुसावळपासून सुरतेपर्यंत तुमची माणसं आहेत. सुरतेला गेलेला मोतीराम खरंच अजून परतलेला नाही, त्याचा फोटो सोबत पाठवतो आहे. तो तिने आपणहून दिला नाही, मी मागितला. कापडात गुंडाळलेला काढून दिला आणि म्हणाली, “पाह्य बाबू, भिंतीवर नको लावजो.” म्हणून तुमच्याकडे पाठवतो आहे. हातोहात दाखवा.