बोक्याला कुणी खायला घातलं?

प्रिय छकुले,

बोक्याचं ऑपरेशन नीट झालं. हे आधीच सांगून टाकते, नाहीतर पुढचं तू धड वाचणार नाहीस. कुत्र्याचं नाव बोक्या ठेवायची अक्कल तुझीच. दवाखान्यात त्याचं नाव पुकारलं की सगळे आपापल्या मांजराकडे बघतात.

त्याच्या पोटात गाठ होती. ती काढणारा डॉक्टर कोण, ते तू ओळखलंच असशील. ज्याच्याशी ठरलेलं लग्न तू मोडलंस, ज्याच्यापायी बाबा तुला "या घरात परत पाऊल टाकू नकोस" म्हणाले, तोच. आपल्या कुत्र्याच्या पोटावर आता तो सुरी चालवणार म्हटल्यावर माझ्या मनात पाल चुकचुकली. तो मात्र मला आणि बाबांना शांतपणे समजावत होता. भुलीआधी वेदना कमी करणारं इंजेक्शन देतात, त्याने कुत्र्यांना मळमळतं, उलट्या होतात. म्हणून त्याच्या बरंच आधी उलटी थांबवणारं इंजेक्शन टोचायचं. "पण ताई, तेवढ्यावर विसंबू नका. पोट रिकामंच हवं. बेशुद्धीत पोटातलं वर येऊन फुप्फुसात गेलं तर जिवावर बेतेल. रात्रीपासून काही खायला देऊ नका." मी मान डोलावत होते. मनात म्हणत होते, एवढं गोड बोलतोय म्हणजे उद्या काही बिनसलं तर आपल्यावर खापर फोडायची तयारी चालली आहे.

आणि बिनसलंच. सकाळी दवाखान्याच्या पायरीवरच बोक्या भडाभडा ओकला. पाव आणि उकडलेल्या अंड्याचे तुकडे! डॉक्टरने ऑपरेशन पुढे ढकललं. घरी येऊन बाबांना विचारलं तर ते उसळलेच. "मी कशाला देऊ? मला काय वेड लागलंय?" त्यांचा चढलेला आवाज तुला माहीत आहे. मग माझा संशय शेजारच्या काकूंवर गेला, कारण त्या कुंपणावरून त्याला काहीबाही टाकत असतात. त्यांच्याशी माझी अशी जुंपली की अजून त्या मला बघून दार लावून घेतात. तेवढ्यानेही माझं समाधान झालं नाही. डॉक्टरनेच कुणाकरवी हे केलं असेल, तुझा राग मुक्या जनावरावर काढत असेल, इथपर्यंत माझी मजल गेली. हसू नकोस.

दुसऱ्या खेपेला बोक्याला मी माझ्याच खोलीत कोंडून झोपले. सकाळी स्वयंपाकघरात भांडं वाजलं म्हणून गेले, तर बाबा ओट्याशी उभे राहून अंडं सोलत होते. हळूच हाका मारत होते, "बोक्या, ये रे, भूक लागली ना?" माझं डोकंच फिरलं. "बाबा, काल इतकं बजावलं होतं!" ते वळले. चेहऱ्यावर चोरी पकडली गेल्याची खूण नाही, राग नाही. "काय बजावलं होतंस? ऑपरेशन? कुणाचं गं?"

खोटं बोलताना बाबांचे कान लाल होतात. ते लाल झाले नव्हते.

मी त्यांच्या हातातलं अंडं काढून घेतलं आणि त्यांना खुर्चीवर बसवलं. मग बोक्याला घेऊन दवाखाना गाठला. ऑपरेशननंतर त्याला एकही उलटी झाली नाही, शुद्धीवर येताच तो शेपटी हलवायला लागला. डॉक्टरने मला बाजूला घेतलं. "बोक्याला दाखवायला आणलंत तेव्हा काकांनी मला दोनदा विचारलं, तू कुणाचा मुलगा म्हणून. त्यांना मेंदूच्या डॉक्टरकडे न्या." त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, छकुले. आणि मी त्याच्यावर काय काय संशय घेत होते!

मेंदूच्या डॉक्टरकडे जाऊन आलो. हे विसरणं वाढतच जाणार म्हणाले. फोनवर मला हे सांगता आलं नसतं. काल संध्याकाळी बाबा फाटकाशी उभे होते. आत चला म्हटलं, तर म्हणाले, "छकुली क्लासहून यायची आहे. अंधार पडला, ती घाबरते." तुमचं भांडण त्यांना आठवत नाही. तू मात्र अजून आठवतेस. लवकर निघून ये.

तुझीच,
ताई