सोनलच्या वाटची मूठ

साक्री,
१४ सप्टेंबर २०२५

चि. अमृत यास ताईचे अनेक आशीर्वाद.

मागच्या पत्रात मी तुला चुकीचं लिहिलं, ते आधी दुरुस्त करते. कानबाईच्या सणाला देवीच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू मोजताना सोनल चुकली आणि सासूबाईंनी तिला मारलं, असं लिहिलं होतं. सोनल चुकली नव्हती. तिला कुणी बोटही लावलं नाही. मी रागात लिहीत होते. सासूबाईंवर नसता आळ नको.

झालं ते असं. मी तिला घरातल्या घरात खेळवत शिकवते. परातीत राख पसरून बोटाने अक्षर काढायचं. तिने अक्षर ओळखलं, तर परात हलवून पुसायचा मान तिचा. तुरीच्या शेंगा सोलताना कोणत्या शेंगेत दाणे जास्त, यावर पैज. आणि तिचा सगळ्यात आवडता माणसांचा खेळ. डाळ घेताना एकेकाचं नाव घ्यायचं आणि एकेक मूठ टाकायची. नाना, आजी, बाबा, भूषणकाका, आई, सोनल. पाच वर्षांची पोर, पण कुठे अडखळत नाही.

रोटाला पुरुषामागे सव्वा मूठ गहू घेतात, बायकांच्या नावाने नाही, हे मी तिला सांगितलंच नव्हतं. सासूबाईंनी कौतुकाने तिला सुपापाशी बसवलं आणि त्या दिवा लावायला उठल्या. तेवढ्यात तिने सहाही नावांनी गहू टाकले. नानांनी विचारलं, कुणाकुणाचे? तिने सांगितलं. माझे सासरे खोकला येईपर्यंत हसले. म्हणाले, मास्तरणीची पोर हुशार शे, पण बायांना सुपात बसवते. मग तिलाच तिची मूठ काढायला लावली आणि कोंबड्यांना टाकायला लावली. नंतर माझी, नंतर आजीची. सासूबाईसुद्धा हसत होत्या.

तेवढ्यावर थांबलं असतं तर मी लिहिलं नसतं. आता पाहुणे आले की नाना तिला हाक मारतात, घरातली माणसं मोज म्हणतात. ती नाना, बाबा, भूषणकाका एवढंच म्हणाली की गुळाचा खडा मिळतो. जेवायला ताटं मांडायला सांगितली की तीनच मांडते आणि उंबऱ्यात उभी राहते. ह्यांना सांगितलं तर हे म्हणतात, हसण्यावारी ने.

आईच्या मानलेल्या बहिणीने, भिकुबाई मावशीने, मला धुळ्याला तिच्या बालवाडीत मदतीला बोलावलं आहे. मागे एक खोलीही आहे. भाऊबीजेला सोनलला घेऊन तुझ्याकडे आले आणि काही दिवस राहून तिथलं पक्कं केलं तर चालेल का? आईला विचार. उत्तर अंगणवाडीच्या सुनंदाबाईंच्या पत्त्यावर टाक. घरचा फोन सगळ्यांच्या कानाशी असतो.

तुझा जीव आमच्यावर असू दे.

तुझी,
दिपमालाताई


नशिराबाद,
२८ सप्टेंबर २०२५

ती. ताईस अमृतचा शि.सा.न.वि.वि.

मास्तरीणबाई, तुमचं पत्र मिळालं. आईला वाचून दाखवलं. तू चिंचोक्यांवर मला बेरीज शिकवायचीस आणि चुकलो की कानाला चिमटा काढायचीस, तेव्हा ही माया कुठे गेली होती? तुझ्या चिमट्यांनीच मी कारखान्याच्या ऑफिसात बसलो, हे कबूल. पण लहान पोरीच्या खेळावरून घर सोडतात का? रोट आपल्याकडेही तसेच होतात. तू तेच खाऊन मोठी झालीस.

उलट एक आनंदाची बातमी. तुझ्या भावजयीला, पुनमला, आता सातवा महिना लागला. कानबाईला आईने पोटातल्या बाळाच्या नावाने एक मूठ जास्त घेतली. म्हणे आपण जागा धरून ठेवायची, पाठवायचं काम कानबाईचं. पुनम लाजून आत पळाली.

तुझी काळजी वाटली म्हणून मी सरळ नानांना फोन लावला. तुझं पत्रही सांगितलं. माणूस मोकळा आहे ताई, आम्ही दोघं पोटभर हसलो. त्यांच्या मनात काही नाही. धुळ्याचं ऐकून मात्र म्हणाले, बालवाडीत तिथल्या पोरांची नाकं पुसण्यापेक्षा घरची गुरं राख.

आई म्हणते, भाऊबीजेला ये, पण सोनलला आजीपाशी ठेवून ये. या दिवसांत पुनमच्या मांडीवर मुलगी बसायला नको. राग मानू नकोस, दोन महिन्यांचा प्रश्न आहे. नानांनाही मी तसं कळवलं आहे. ओवाळून दुसऱ्या दिवशी परत जा, म्हणजे कुणाच्या तोंडी विषय नको.

लहान भावावर लोभ आहेच, तो वाढव.

तुझा,
अमृत


साक्री,
१२ ऑक्टोबर २०२५

ती. भिकुबाई मावशीस दिपमालाचा सा.न.वि.वि.

अमृतला लिहिलं ते त्याने नानांना सांगितलं, म्हणून हे फक्त तुम्हाला.

त्याच्या फोननंतर राखेची परात बंद झाली. राख भांड्यांना लागते, असं सासूबाई म्हणाल्या. दसऱ्याला सोनं द्यायला माणसं आली, तेव्हा नानांनी सगळ्यांसमोर सांगितलं की सूनबाईंची माहेरी तक्रार गेली आहे, आता निवाडा तुम्हीच करा. सोनलला मधे उभं केलं. तिने तीन नावं घेतली. एका म्हाताऱ्याने विचारलं, आणि बेटा, तू? ती म्हणाली, मी मोजायची नसते. आणि गुळासाठी हात पुढे केला. लोक हसले. माझे यजमानही हसले. नानांनी तिला मोठा खडा दिला.

परवा पुरुषमाणसं शेतात होती, सासूबाई देवळात. घरी आम्ही दोघीच. मी भाकरी केली आणि तिला ताटं मांडायला सांगितलं. तिने ओसरीवर जाऊन पाहिलं, मागच्या दारी जाऊन पाहिलं. परत येऊन म्हणाली, कुणाला मांडू, घरात कुणीच नाही.

मावशी, मी तिला घरातली सगळी माणसं मोजायला शिकवलं होतं, त्यातलं एवढंच तिच्याजवळ उरलं आहे. आणखी एक दिवाळी इथे काढली तर तेच पक्कं होईल.

इथे ठरलं आहे की भाऊबीजेला मी एकटीने नशिराबादला जायचं आणि सोनलला ठेवायचं. मी ठेवणार नाही. त्या सकाळी नाना वाटेत उभे राहतील, हेही दिसतं. राहू देत. मी भावाकडे जाते असं खोटंही सांगणार नाही. विचारलं तर धुळ्याला जाते म्हणेन आणि पोरीचा हात धरून निघेन. नशिराबादच्या वाटेवर धुळं आहे, पण पुढे जायचं मला आता कारण नाही.

खोली झाडली नसली तरी चालेल. तुमच्या बालवाडीत मुलं गोलात बसवून मोजता, त्यात सोनलला आधी नुसतं बसू द्या. तिला नाव घ्यायला सांगू नका.

आम्हा दोघींना पदराखाली घ्या, एवढंच मागणं. दिवस पक्का लिहिते: भाऊबीज, गुरुवार, २३ ऑक्टोबर, सकाळची पहिली बस.

आपली,
दिपमाला