खिडकी निम्मी पडद्याखाली

सोम. ता. ५
वंदनाचा जुना कॉम्प्युटर गेला तो गेलाच. ही माझी सून घरी बसून साड्यांच्या भरतकामाची डिझाईनं काढते, ती कडोदऱ्याच्या कारखान्यात, युनिटवर, मशीनला जातात. आता नातीचा, सोनलचा कॉम्प्युटर घेतला. पण वंदनाचं सॉफ्टवेअर विंडोजचं, आणि सोनलच्यात विंडोज नाही, दुसरंच काही. मग सोनलनं मधे एक दुभाषी प्रोग्रॅम बसवला. फुकटचा, देशोदेशीची माणसं मिळून बनवतात म्हणे. उघडलं तर सॉफ्टवेअरची खिडकी निम्मी कॉम्प्युटरच्या पडद्याच्या खाली गेलेली, सेव्हचं बटण तिथंच. वंदना म्हणे, आठवड्यात जमलं नाही तर रोज कडोदऱ्याला युनिटवर जाऊन बसेन. जाण्यायेण्यात तीन तास. चहाचं आलं संपलंय.

बुध. ता. ७
सोनलला चूक सापडली. मी चौथी पास, तरी समजलं. सॉफ्टवेअर म्हणतं, मला कुठं बसवायचं, केवढी जागा द्यायची, तुम्हीच ठरवा. दुभाषी ठरवतो, पण पडदा केवढा ते बघतच नाही. पाहुणा निम्मा पाटावर निम्मा फरशीवर. सोनलनं दुरुस्ती लिहून त्या लोकांना पाठवली. तिथला तपासनीस हो म्हणाला तर सगळ्या जगाला जाईल. नाही म्हणाला तर दुभाष्याची नवी आवृत्ती आली की आमची दुरुस्ती पुसली, पुन्हा कडोदरा. गुजराती शेजारणीला सांगून आले, सोनलला परदेशातून उत्तर यायचंय. सारू सारू म्हणाली. तिला वाटलं स्थळ आलं.

शुक्र. ता. ९
दुरुस्ती परत आली. तपासनीस लिहितो, तुम्ही सगळ्याच खिडक्या हलवल्या. खरंच की. वंदनाची दोऱ्यांच्या रंगांची छोटी पट्टी, कायम उजव्या कोपऱ्यात असते, ती डिझाईनवर मधोमध येऊन बसलेली. सोनल तोंड पाडून.
"कसाले रडस वं माय?"
म्हटलं, आणि मग मी तिला बारशाचं सांगितलं. मी सगळ्या बायांना उठवून ओळीत बसवलं होतं, तर धुळ्याची विहीण रुसली. गुडघ्यांमुळं दाराजवळची खुर्ची तिनं स्वतः मागितलेली. वर्षभर फोन नाही. जिनं जागा सांगितली तिला हलवू नये. जिनं आपल्यावर सोडलं तिलाच बसवावं.
"आजी, त्यानं हेच लिहिलंय. फक्त इंग्रजीत, दोन पानं."

रवि. ता. ११
उघडली! खिडकी अख्खी. बटण दिसलं, रंगपट्टी तिच्या कोपऱ्यात. वंदनानं मोराची किनार सेव्ह केली आणि युनिटला फोन, येत नाही, घरूनच पाठवते. आज शेवभाजी. सोनलनं बदललेली दुरुस्ती पुन्हा पाठवली. दिवसातून चारदा विचारते मी, आलं का उत्तर. चिडत नाही बिचारी.

बुध. ता. १४
आलं. हो पण नाही, नाही पण नाही. तपासनीस विचारतो, एखाद्यानं दोन पडदे जोडले असतील तर कुठल्या पडद्यावर बसवणार? आमच्याकडे कुठला दुसरा. मी म्हटलं, टीव्ही आहे ना. वंदनाच्या सिरियलची वेळ, तरी तिनंच टीव्हीची तार काढून कॉम्प्युटरला जोडायला दिली. खिडकी टीव्हीवर उघडली, मोर केवढा तरी.
सोनल म्हणे, "चुकलं आजी, तिथं नको होती." पण हसत होती. मांडी घालून लगेच पुढची दुरुस्ती लिहायला बसली.
मला तर मोर तिथंच आवडला.