पोची शेंग

प्रिय बाबा,

काल दुपारी सीडीवर एक सिनेमा पाहिला आणि तुमचा इतका राग आला, की आज लिहायलाच बसले. गेलेल्या माणसावर कुणी रागावतं का? मी रागावते!

मेक्सिको-अमेरिकेच्या सीमेवर राहणाऱ्यांची पुस्तकं आणि सिनेमे सध्या मला एम.ए.ला आहेत. कालच्या सिनेमातली मुलगी बापाला स्पॅनिशऐवजी इंग्लिशमध्ये उत्तर देते. बाप चिडून म्हणतो, "पोचा!" म्हणजे आपली भाषा विसरलेली, रंग उडालेली. मी ताडकन उठून बसले. बाबा, तुम्ही स्पॅनिश कधी शिकलात हो?

इथे कुवेतमध्ये शुवैखच्या गॅरेजमधून तुम्ही अब्बासियातल्या आपल्या खोलीवर यायचात आणि शेंगा फोडत बसायचात. "शाळेत काय झालं गं?"

"नथिंग, बाबा."

लगेच आईला हाक. "ऐकलंस? आपली पोरगी पोची शेंग निघाली! नुसतं टरफल, आत दाणाच नाही." आई हसायची, मीही हसायचे. पण लागायचं हो मला.

इंग्लिश शाळेत घातलं कोणी? तुम्ही दुकानात हिंदी बोलणार, गॅरेजात मोडकी अरबी, आणि मराठी राखायची मी एकटीने! चिपळूणला मी 'कुवेतवाली', कुवेतला 'इंडियन'. इकामा, म्हणजे इथं राहायचा परवाना, संपला की इथूनही चालते व्हा. त्या पुस्तकांतली माणसंसुद्धा अशीच, दोन्हीकडे पाहुणी. तुम्हाला वाचून दाखवायला हवं होतं. "आपल्याला काय करायचंय त्यांचं!" म्हणाला असतात, पण ऐकलं असतंत.

गॅरेजातच गेलात, न सांगता. तुम्हाला चिपळूणला नेलं. दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. काका मला म्हणाले, "तू बोल. त्याचा जीव तुझ्यात अडकलाय." मी हात जोडले आणि तोंडातून आलं, "आय विल बी ओके, बाबा. प्लीज गो."

मागून कुणीतरी पुटपुटलं, "कावळ्याला इंग्लिश कळत नाही."

शेवटी दर्भाचा कावळा करून पिंडाला शिववला. तेव्हापासून जिवाला घोर लागलाय, की माझ्यामुळे तुम्ही अजून अडकून पडलात.

म्हणून आज मराठीत सांगते. दोन शब्द आईला विचारलेत, बाकी माझेच आहेत. आईला मी एकटं पडू देणार नाही. इकामा संपला की कुठे जायचं ते मी बघेन. मला अजून रोज रडू येतं, पण मी नीट राहीन, शब्द देते. आमची काळजी सोडा आणि जा आता, बाबा.

तुमची,
मनू