विसकरांची पोगाचा

सान पेद्रो, ९ डिसेंबर १९२६

ती. पेरीनाताईस,

येर्कोचा सा. न. वि. वि. मी खुशाल नाही, आणि त्याचं कारण तू आहेस.

सोमवारी संत निकोलाचा सण झाला. बोटीवरचा आचारी तापाने पडला, म्हणून कप्तान मार्तीनकाकांनी पोगाचा माझ्यावर टाकली. आईसारखी पोगाचा मला येते अशी फुशारकी मीच मारली होती. तुझं पत्र पुढ्यात ठेवून, ओळीवर बोट ठेवून वाचत केली. कणीक फुगवली, कांदा परतला, खारवलेल्या तारल्या काटे काढून पसरल्या, वर दुसरी पोळी टाकून कडा मुडपल्या. खरपूस झाली. बारा माणसं कोपराला कोपर लावून बसली. मार्तीनकाकांनी तुकडा मोडला, आत बघितलं आणि शांतपणे विचारलं, की पोरा, तू बेटावरच्या डोंगराच्या आमच्या कोमिझाच्या बाजूचा, की पलीकडचा, विसचा.

आत टोमॅटोचा टिपूस नव्हता, ताई, अगदी विसवाले करतात तशी. बोटीवरचे विसवाले टाळ्या पिटायला लागले. म्हणाले, पोरगं आमचंच, लहानपणी कोमिझावाल्यांनी पळवलं असणार. तेव्हापासून मला सगळे 'विसकर' म्हणतात.

टोमॅटो विसरणारी तू नाहीस. ते पत्र कुणाच्या चुलीपाशी बसून लिहिलंस, खरं सांग. विसच्या कुणाशी जमलं असेल, तर माझ्या होकाराची वाट बघू नकोस.

लोभ तूर्त बंद आहे.

येर्को

कोमिझा, २० जानेवारी १९२७

चि. येर्को यास,

ताईचे अ. आ. वि. वि. आशीर्वाद रीत म्हणून लिहिले. मनात आत्ता वेगळंच आहे.

दोन वर्षांत तुझी दोन पत्रं आली. पहिलं चार ओळींचं, पोगाचा कशी करायची ते कळव म्हणून. दुसरं हे, शिव्यांचं. आई गेल्यावर या घरात एकटी कशी राहतेस, हे एकातही विचारलं नाहीस. टोमॅटो नाही हे मात्र सात समुद्रापलीकडून कळलं तुला.

हो, ते पत्र विसमध्येच लिहिलं. प्रोश्पेरच्या आईच्या ओट्यावर, तिच्यासोबत पोगाचा करता करता. जे हात करत होते तेच लिहिलं गेलं. प्रोश्पेर पिंपं बांधतो. तू गेल्यावर आपलं गळकं छप्पर त्यानेच नीट केलं. तुझ्या बोटीवरच्या कुणी येऊन केलं नाही.

ईस्टरनंतरच्या रविवारी लग्न आहे. पण मामा अडून बसलेत. बाबा नाहीत, तेव्हा घरातल्या पुरुषाचं हो म्हणणारं पत्र आल्याशिवाय मला चर्चपर्यंत नेणार नाहीत. घरातला पुरुष म्हणजे तू. तीन बोटी बदललेला आणि पोगाचावरून रडणारा.

नाही म्हणायचं असेल तर तेही लिही, पण स्वतःच्या अक्षरात.

लोभ ठेव, नाही ठेवलास तरी पत्र टाक.

पेरीना

सान पेद्रो, २५ फेब्रुवारी १९२७

ती. ताईस,

सा. न. वि. वि. राग आहेच. पिंपं बांधणारा माणूस, आणि तोही विसचा. छप्पर शाकारलं म्हणून मी विरघळेन असं समजू नकोस.

तुझं पत्र आलं त्याच रविवारी पुन्हा पोगाचा केली, भरपूर टोमॅटो घालून. खालची पोळी भिजून लगदा झाली, चमच्याने खावी लागली. या खेपेला विसवाले हसले नाहीत, ते जास्त लागलं. मार्तीनकाका म्हणाले, टोमॅटोचं पाणी आटवायचं काहीतरी असतं, पण ते घरच्या बायकांना माहीत. मला आईचा हात आठवतो, कढई आठवते, पुढे काही आठवत नाही. ते आता फक्त तुला येतं. तू त्या घरात गेलीस आणि टोमॅटो सोडलास, तर कुणालाच येणार नाही. मला राग त्याचा आहे.

मामांना पुढची ओळ दाखव, बाकीचं पत्र नको. मी, येर्को, पेरीनाच्या लग्नाला हो म्हणतो.

ईस्टरला तिकडे टोमॅटो नसतात, म्हणून इथल्या कारखान्यातले डबाबंद टोमॅटो मार्तीनकाकांच्या ओळखीच्या जहाजातून पाठवतोय. सासूबाईंच्या ओट्यावर, त्यांच्या देखत, एक तरी डबा फोड. मग तिथेच बसून लिही, पाणी कसं आटवायचं ते.

तुम्हा दोघांचा लोभ असू दे.

तुझा,
येर्को विसकर